बाहुलीचं काय ते सांगतो

लेख आवडला, पण आर्थर मिलरच्या 'द क्रूसिबल' या चेटकिणींच्या खटल्यांवरच्या नाटकातली बाहुली म्हणजे नुसतं जादूटोण्याचं प्रतीक असं जे लिहिलंय ते काही पटलं नाही बुवा. अहो ती बाहुली घरच्या मोलकरणीने, मेरी वॉरनने, कोर्टात बसून बसून वेळ जात नाही म्हणून शिवलेली, सुई हरवू नये म्हणून तिच्याच पोटात खोचली आणि घरी येऊन मालकिणीला, एलिझाबेथ प्रॉक्टरला दिली; तिकडे ॲबिगेल नावाच्या पोरीच्या पोटात सुई निघाली, बस्स, तेवढ्यावर त्या बाईला साखळदंड! म्हणजे आधीच ठरवून आलेल्या माणसाला घरातली चिंधी पण पुरावा वाटते, खरी गंमत (गंमत कसली म्हणा) तिथे आहे.

नाटक १९५३ चं, कम्युनिस्ट शोधत सुटलेल्या सिनेटर मॅकार्थीवर रोख वगैरे ठीकच, पण पुढे १९५६ मध्ये खुद्द मिलरलाच अमेरिकन काँग्रेसच्या कमिटीने बोलावून कम्युनिस्ट बैठकांना आलेल्या इतरांची नावं विचारली आणि त्याने दिली नाहीत, हे लेखात हवं होतं. कारण एलिझाबेथचा नवरा प्रॉक्टर पण तेच करतो ना, चेटूक केल्याच्या कबुलीवर सही करतो पण दुसऱ्या कोणाचं नाव घेत नाही, आणि तो कागद चर्चच्या दारावर लावणार म्हटल्यावर टराटरा फाडतो. बाकी क्रूसिबल म्हणजे सोनाराची मूस, ते तर राहिलंच की!