झेंडा, आणि तोही फुकट

शनिवारी रात्री कारखान्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप आला. रविवारी सकाळी इंदूरच्या बडा गणपतीला जमायचं, तिथून राजवाड्यापर्यंत शेठजींच्या पसंतीच्या उमेदवाराची रॅली. सक्ती कुणावरही नाही. न येणाऱ्यांनी एचआरला लेखी कारण कळवावं.

गेलो. घराचे हप्ते चालू आहेत. तूर्त माझं राजकीय मत तेवढंच आहे.

सुपरवायझरनं झेंड्यासकट माझा फोटो काढून हजेरी लावली आणि मी रांगेत घुसलो. शेजारी एक साठीच्या काकू होत्या. सुती साडी, पायात स्पोर्ट्स शूज, खांद्यावर पिशवी. पिशवीतून दुसऱ्याच पक्षाचा दुपट्टा डोकावत होता. माझी नजर तिथे गेलेली बघून म्हणाल्या, "तो दुपारचा."

मग चौकशी सुरू झाली. "मराठी नं? रामबागेतले की लोकमान्य नगरचे?"

सुदामा नगर म्हटल्यावर त्यांचा जरा विरस झाला, पण गप्पा थांबल्या नाहीत.

"कोणत्या ठेकेदाराकडून आलात?"

"ठेकेदार नाही काकू, कंपनीकडून."

"म्हणजे महिन्यावर?"

"पगार कारखान्याचा. हे वेगळं."

"हो नं, तेच विचारते. ह्याचे किती?"

"काहीच नाही."

काकू जागच्या जागी थबकल्या. मागचा ढोलवाला त्यांच्यावर आदळला, त्यालाच चार शब्द ऐकवून त्या माझ्याकडे वळल्या. "काहीच नाही? पेट्रोल?"

"माझंच."

"नाश्ता तरी?"

"घरून करून आलो."

त्यांनी झेंडा काखेत मारला, पिशवीतून पोह्यांचा पुडा काढला आणि माझ्या हातात कोंबला. "खा. सेव आहे, जिरावण पण टाकलंय." मग माझ्याकडे नीट बघत, "शिकलेले दिसता तुम्ही."

"अकाउंट्सला आहे."

"अन् तरी?"

ह्यावर काय बोलणार? पोहे खाल्ले. काकूंना मात्र राहवेना. "आमच्या ठेकेदाराशी बोलून देते तुमचं. चष्मेवाल्यांचे शंभर जास्त देतो तो, पुढच्या रांगेत उभे करतो. टीव्हीवर शिकलेले लोक दिसायला पाहिजेत नं." वर धंद्यातली एक खूणही शिकवली: हात जोरात वर करायचा, घोषणा तोंडातल्या तोंडात पुटपुटायची. घसा दुपारी लागतो.

माझे साडू पोस्टात आहेत. केंद्र सरकारी नोकरांना १९६४ च्या वर्तणूक नियमांतला पाचवा नियम राजकारणात भाग घेऊ देत नाही, त्यामुळे साडू रविवारी कायद्यानं झोपतात. आम्हा खासगीवाल्यांची अशी सोय कुणी केलेली नाही. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी १९९६ पासून कायद्यात आहे खरी, पण ती न देणाऱ्या मालकाला दंड किती, तर फार झालं तर ५०० रुपये. शेठजींच्या झेंड्यांच्या काठ्यासुद्धा एवढ्यात येत नाहीत. मतासाठी धमकावणं हा गुन्हा आहे, हेही मला माहीत आहे. पण धमकावलं कुणी? शेठजी तर हात जोडून म्हणाले, आपण सगळे एक परिवार आहोत. परिवारातल्या सदस्यांची वेतनवाढ मार्चमध्ये ठरते, इतकंच.

मला त्या उमेदवाराबद्दल काही राग नाही. कदाचित त्यालाच मत दिलंही असतं. आता रविवार गेला तो गेलाच, वर मतही आपलं वाटेनासं झालंय, ह्याची चीड येते. २०२४ च्या लोकसभेला ह्याच इंदूरमध्ये २ लाख १८ हजारांहून जास्त लोकांनी नोटाचं बटण दाबलं, तेव्हा देशभर चर्चा झाली. त्यांत कुणाकुणाचे कामगार होते, कोण जाणे. पुठ्ठ्याच्या आडोशाला फोटो काढणारा सुपरवायझर नसतो.

राजवाड्याला पोचल्यावर काकूंनी दुपट्टा बदलला आणि रिक्षात बसल्या. मी सुपरवायझरला दुसरा फोटो दिला. मध्येच कुणी पळून जाऊ नये म्हणून शेवटालाही हजेरी होती.

सोमवारी मी एचआरच्या मॅडमकडे रविवारची बदली रजा मागितली. मॅडम गोड हसल्या. "सर, सक्ती कुठे होती? स्वेच्छेच्या कार्यक्रमाला बदली रजा बसत नाही." माझ्या मागे डिस्पॅचचा पोरगा अर्ज घेऊन उभा होता. मुलीला ताप होता म्हणून तो रॅलीला आला नव्हता. मॅडमनी अर्ज वाचला आणि सोबत डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडायला सांगितलं.