त्याने मरण ओढवून घेतले म्हणे

"ताई, सिनेमा उत्तम आहे, पण खरे सांगू का, त्या माणसाने मरण ओढवून घेतले," असे माझा इंदूरचा मावसभाऊ परवा फोनवर म्हणाला. ऑलिव्हर स्टोनचा १९८८ सालचा 'टॉक रेडिओ' त्याने मित्रांसोबत घरी पाहिला होता आणि नंतरच्या चर्चेत सगळ्यांचे याच वाक्यावर एकमत झाले होते. ते वाक्य तेव्हापासून मला सलते आहे, कारण मी बावीस वर्षे डेन्व्हरमध्ये राहते आणि ज्या खुनाची सावली त्या चित्रपटावर आहे, तो याच शहरात झाला.

चित्रपटातला बॅरी शॅम्प्लेन हा डॅलसचा रेडिओ निवेदक आहे. रात्री फोन करणाऱ्यांना तो डिवचतो, त्यांचा पाणउतारा करतो, मध्येच फोन तोडतो आणि तरीही दुसऱ्या रात्री तीच माणसे पुन्हा फोन लावतात. शेवटी स्टुडिओच त्याच्याभोवती फिरू लागल्यासारखा वाटतो आणि तो श्रोत्यांवर व स्वतःवर एकाच वेळी तुटून पडतो. ती काही मिनिटे मला बघवत नाहीत. पुढे पार्किंगमध्ये त्याला गोळ्या घातल्या जातात.

खरा माणूस होता ॲलन बर्ग, शिकागोहून आलेला ज्यू वकील. पुढे तो रेडिओवर असे कार्यक्रम करू लागला आणि डेन्व्हरच्या केओए या पन्नास हजार वॅटच्या रेडिओ केंद्रावरून त्याचा आवाज दूरदूरच्या राज्यांत जात असे. १८ जून १९८४ च्या रात्री घरासमोर गाडीतून उतरताना त्याला ठार मारले, तेव्हा तो पन्नास वर्षांचा होता. मारणारे 'द ऑर्डर' नावाच्या गोऱ्या वंशवाद्यांच्या टोळीतले होते. १९८७ मध्ये त्यांच्यापैकी दोघे दोषी ठरले, तेही खुनाच्या कलमाखाली नव्हे, तर त्याचे नागरी हक्क हिरावल्याबद्दल. उद्धटपणे बोलणारे या देशात तेव्हाही शेकड्यांनी होते. मारेकऱ्यांना त्यांच्यातला ज्यू सापडला, हे माझ्या भावाच्या वाक्यात कुठे बसते?

"आपल्याकडे असे होत नाही," हेही तो म्हणाला, आणि क्षणभर मला अभिमान वाटला. इंदूरच्या मालवा हाउसमधल्या आकाशवाणीवर नंदाजी-भेराजी माळवीत गप्पा मारायचे, तेव्हा आई पोळ्या लाटता लाटता हसायची. त्या आवाजांत कुणाचा अपमान नसे. परंतु २००१ मध्ये इंदूरला खासगी एफएम आले, देशातल्या अगदी पहिल्या शहरांपैकी एक म्हणून आले, आणि त्या केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा आजही नाही. जिथे भांडायलाच बंदी आहे, तिथल्या शांततेला सभ्यता म्हणणे मला पटत नाही. इथे अमेरिकेत सकाळी आठला माणूस रेडिओवर राष्ट्राध्यक्षाला शिव्या घालतो आणि कामावर जातो. बर्ग मात्र घरी पोहोचूनही घरात गेला नाही, हे मला विसरता येत नाही.

त्या रात्री तुमच्यात कुणाचेच मत वेगळे नव्हते का, असे मी भावाला विचारले. "एकाचे असेल," तो म्हणाला, "पण तो काही बोलला नाही."

तो एक जण मला कळतो. काही वर्षांपूर्वी, हिवाळ्यात, कामावरून परतताना रेडिओवर आमच्यासारख्या, हेल काढून इंग्रजी बोलणाऱ्यांविषयी बोलणे चालले होते. मी आय-पंचवीस हा महामार्ग सोडून एका दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडी उभी केली आणि फोन लावला. नाव सोपे करून सांगितले. गाडीतला रेडिओ बंद करा, असे पलीकडच्या मुलीने बजावले, आणि मी थांबून राहिले. काचेवर बर्फ साचत होता. मनात जुळवलेले वाक्य मी चारदा मोठ्याने म्हणून पाहिले. पुण्याच्या आत्या माझ्या मराठीतली हिंदी ऐकून हसायच्या आणि इंदूरच्या शाळेत माझी हिंदी मराठी ठरायची. आता हजारो माणसे माझे म्हणणे न ऐकता फक्त माझा हेल ऐकतील, असे मला वाटू लागले. "बोला," असे फोनवर ऐकू आले आणि मी फोन ठेवला.

मग रेडिओ लावला. प्रक्षेपण काही सेकंद मागे असते, त्यामुळे माझी पाळी तिथे अजून यायची होती. निवेदकाने माझे सोपे केलेले नाव घेतले, डेन्व्हर म्हटले, "बोला" म्हणाला, थोडा थांबला आणि पुढचा फोन घेतला.