इथे बसू नये

मुलाकडे बॉस्टनला गेलेल्या आईवडिलांना दोन गोष्टी चुकत नाहीत, नायगारा आणि गुडघे. नायगारा उरकला होता. तेवढ्यात चिरंजीव म्हणाले, "बाबा, उद्या जॉन ॲडम्सची घरं बघू. क्विन्झीला."

"क्विन्सी," मी नकाशा बघून चूक काढली.

"लिहितात क्विन्सी, म्हणतात क्विन्झी." माझ्या पैशांनी शिकलेला मुलगा.

रेड लाइन मेट्रोने गेलो. घर एक नव्हतं, तीन होती. पहिली दोन बापलेकांची जन्मघरं, मध्ये जेमतेम ७५ फूट. १७३५ साली एकात जन्मलेला बाप अमेरिकेचा दुसरा राष्ट्राध्यक्ष, १७६७ साली शेजारच्या घरात जन्मलेला जॉन क्विन्सी सहावा. "म्हणजे जॉनच्या बायकोचं, ॲबिगेलचं, सासर हाकेवर!" सौ. हळहळली. तिला त्या घरातलं तेवढंच महत्त्वाचं वाटलं.

दुसऱ्या घरात बापाची वकिलीची खोली. मॅसॅच्युसेट्सच्या राज्यघटनेचा मसुदा त्याने १७७९ मध्ये इथे लिहिला आणि ती घटना आजही चालू आहे, असं गाइडने सांगितलं. मला एवढंच दिसलं की त्याने तो बसून लिहिला. मी चाळीस मिनिटं उभा होतो.

मग ट्रॉलीबसने तिसरं घर, पीसफील्ड. १७८८ मध्ये लंडनची वकिलात सोडून आलेल्या ॲबिगेलला हे घर अगदीच चिमुकलं वाटलं होतं म्हणे. पुढे वाढवत नेलं आणि १९२७ पर्यंत चार पिढ्या नांदल्या. शेवटी कुटुंबाने ते देशाला देऊन टाकलं. आमच्या साताऱ्याच्या वाड्याच्या उताऱ्यावर तेवीस नावं आहेत. देशाला द्यायचा म्हटला तरी आधी नागपूरच्या काकूंची सही लागेल.

आणि खुर्च्या! हाताच्या, बिनहाताच्या, मऊ गादीच्या. प्रत्येक खोलीत माझ्याकडे बघत होत्या. एकीकडे मी नुसता कललो, तर गाइड अतिशय गोड आवाजात म्हणाली, "सर, प्लीज." इतक्या अदबीने मला आयुष्यात कुणी उभं केलं नव्हतं. शाळेतसुद्धा नाही.

त्यात गंमत अशी, की या घराण्याला खुर्ची लाभलीच नाही. बाप चार वर्षांत पडला, मुलगाही चार वर्षांत पडला. पण मुलगा पुन्हा खासदार झाला आणि १८४८ मध्ये सभागृहातल्या आपल्या जागेवरच कोसळेपर्यंत तिथून हलला नाही. बाप ४ जुलै १८२६ रोजी, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, याच घरात गेला. हे ऐकून सगळे गंभीर झाले. मी भिंत शोधत होतो.

शेवटी बागेतलं दगडी ग्रंथालय. पुस्तकं आगीपासून वाचावीत ही लेकाची इच्छा, म्हणून नातवाने ते मुद्दाम वेगळं बांधलं. बारा हजारांवर पुस्तकं, मधोमध लांबलचक टेबल. बसायला कुणालाच नाही.

"आपल्या आजोबांची आरामखुर्ची कुठे आहे हो बाबा?" मुलाने एकदम विचारलं.

"भंगारात," सौ. म्हणाली. "चारशे रुपयांना. यांनीच दिली."

परतीच्या ट्रॉलीबसमध्ये खिडकीची जागा मिळाली. गुडघे सरळ केले, डोळे मिटले. एवढ्यात काठी टेकत एक अमेरिकन आजी चढल्या. मुलाने माझ्याकडे बघितलं.