खुलासा : एमबीबीएससाठी बारावीला ९० टक्के लागत नाहीत

‘बारावीला ९० टक्के आणि खेळ-वक्तृत्वाची प्रमाणपत्रं असतील तरच सरकारी मेडिकल मिळतं,’ हा मेसेज फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

एमबीबीएसची गुणवत्ता यादी ‘नीट’ या देशभरच्या मेडिकल प्रवेश परीक्षेच्या ७२० गुणांवरच लागते. बारावी फक्त पात्रतेपुरती: फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्या वर्गाला ५० टक्के, एससी, एसटी, ओबीसींना ४०, शिवाय इंग्रजीत पास. वक्तृत्वाच्या प्रमाणपत्राला एकही गुण नाही.

मेहनत घ्यायची ती बायोलॉजीवर. १८० पैकी ९० प्रश्न, म्हणजे ३६० गुण तिचेच. गुण सारखे पडले तर आधी बायोलॉजीच पाहतात. बरोबर उत्तराला ४, चुकलं तर वजा १. दोन पर्यायांत घोळ झाला तर एका चुकीने ५ गुणांचा फरक पडतो आणि यादीत बरेच जण पुढे सरकतात.

खरी गफलत कागदपत्रांत होते. राज्याच्या ८५ टक्के कोट्यासाठी डोमिसाइल (राज्याचा रहिवासी असल्याचं प्रमाणपत्र) काढून ठेवा. राखीव जागेसाठी जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. पडताळणीला महिने जातात, म्हणून अर्ज अकरावीतच करा. निकालानंतर धावाधाव केली तर चांगले गुण असूनही राखीव जागा हातची जाते.