मेकॅनिकल ते कॉम्प्युटर, व्हाया ना-हरकत

विद्यापीठ बदलून संगणकशास्त्राकडे वळायचे असेल, तर पहिल्या वर्षाचा प्रवेश नको असलेल्या शाखेतच घेतला पाहिजे. सीईटीचा निकाल लागला की कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेरीचा पसंतीक्रम भरण्यापूर्वी नौपाड्यातले क्लासचे सर, डोंबिवलीचे मामा आणि सोसायटीच्या सेक्रेटरींचे अमेरिकास्थित चिरंजीव यांचे मत घ्यावे, आणि तिघांनीही ‘आधी कुठेतरी चिकटून घे, पुढचे पुढे बघू’ असे एकमुखाने सांगितले की मेकॅनिकलची जागा फ्रीज, म्हणजे पक्की, करून मोकळे व्हावे. आपल्याला यंत्रांची आवड आहे काय, हा प्रश्न या टप्प्यावर कोणी विचारत नाही. पुढेही कोणी विचारणार नसल्यामुळे त्याचे उत्तर तयार ठेवण्याचे कारण नाही.

शाखा चुकली, हा साक्षात्कार योग्य वेळी होणे महत्त्वाचे असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या किमान पंधरा दिवस आधी माघार घेतल्यास पूर्ण शुल्क परत मिळते, नंतर परताव्याची टक्केवारी उतरत जाते, आणि अंतिम तारखेनंतर तीस दिवस उलटले की काहीच मिळत नाही. विचारी माणसाने म्हणूनच एकतिसावा दिवस गाठावा. मूळ प्रमाणपत्रे संस्थेने स्वतःकडे अडकवून ठेवू नयेत, असेही त्याच अधिसूचनेत म्हटले आहे. परंतु हे वाक्य खिडकीपाशी मोठ्याने वाचून दाखवू नये, कारण त्याने काम होत नाही आणि खिडकीमागच्या माणसाच्या लक्षात मात्र आपण राहतो.

संगणकशास्त्रच का, याचे स्पष्टीकरण ठाण्यात राहणाऱ्यास कुणी मागत नाही. स्थानकाच्या नऊ किंवा दहा क्रमांकाच्या फलाटावरून वाशी-पनवेलकडे जाणारी गाडी पकडली, की दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली या ओळीतच ते मिळते. एकेकाळी रसायनांच्या कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या ठाणे-बेलापूर पट्ट्यात आता काचेच्या इमारती आहेत, आणि गळ्यात ओळखपत्र अडकवलेली मुले ऐरोलीला उतरताना दिसली की घरच्यांचे मन भरून येते. फक्त प्रवासात फार बारकाईने पाहू नये. ऐरोली, रबाळे आणि महापे भागात जी डेटा सेंटर उभी राहिली आहेत, त्यांतले संगणक अहोरात्र थंड ठेवण्यासाठी प्रचंड चिलर लागतात, वीज गेल्यास लगेच सुरू होणारे डिझेल जनरेटर लागतात, आणि ही सारी यंत्रणा सांभाळायला मेकॅनिकल व इलेक्ट्रिकलचे अभियंते लागतात. हा विचार एकदा मनात शिरला की बदलीच्या अर्जावर सही करताना हात थरथरतो, सबब त्या बाजूच्या खिडकीत बसूच नये.

कॉम्प्युटरमधली नेमकी कोणती शाखा, यावर मात्र वेळ घालवू नका. डिसेंबर २०२३ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने चांगली कामगिरी करणाऱ्या संस्थांसाठी शाखानिहाय प्रवेशक्षमतेची कमाल मर्यादा काढून टाकली. आज नुसते कॉम्प्युटर इंजिनीअरिंग आहेच, शिवाय एआय-एमएल आहे, डेटा सायन्स आहे, आयओटी आणि सायबर सिक्युरिटी आहे. ज्या शाखेचे नाव लग्नपत्रिकेत दोन ओळी घेईल, ती निवडावी.

काही हितशत्रू या टप्प्यावर वाट अडवतात, त्यांच्यापासून सावध राहिले पाहिजे. ते सांगतात, आहेस तिथेच राहून अठरा-वीस जादा श्रेयांकांची (क्रेडिटची) संगणकशास्त्रातली मायनर, म्हणजे जोडीची दुय्यम, पदवी कर, एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने फुकट आहेत ती ऐक, रोज संध्याकाळी एखादा प्रोग्रॅम लिही, आणि चार महिन्यांनी ठरव. या सूचनेत किती धोका आहे पाहा. चार महिने प्रोग्रॅम लिहून विषय आवडला, तर तो शिकण्यासाठी विद्यापीठ बदलण्याची निकड उरत नाही. नाही आवडला, तर बदलण्याचे कारणच उरत नाही. दोन्हीकडून बदली हुकते. प्रवेश निश्चित होईपर्यंत एकही प्रोग्रॅम लिहू नये, हे पथ्य म्हणूनच कसोशीने पाळायचे असते. (माझ्या पाहण्यात हे पथ्य मोडलेले विद्यार्थी फारच थोडे आहेत.)

आता मुख्य अभ्यासक्रम. जुने महाविद्यालय सांगते की नव्या ठिकाणचे संमतिपत्र आणा, मग ना-हरकत प्रमाणपत्र देऊ. नवे महाविद्यालय सांगते की ना-हरकत आणा, मग संमतिपत्र देऊ. अनेकांना यामुळे नैराश्य येते, पण ते अज्ञानापोटी. ऑपरेटिंग सिस्टिम या विषयात ह्याच अवस्थेला डेडलॉक म्हणतात, आणि आपल्याला तो प्रवेशापूर्वीच, प्रात्यक्षिकासह, शिकवला जात असतो. १९७१ साली कॉफमन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की चार अटी एकाच वेळी पूर्ण झाल्याशिवाय असा पेच पडत नाही. साधन एका वेळी एकाच्याच ताब्यात असले पाहिजे: मूळ गुणपत्रिका एकच असते आणि ती जुन्या कार्यालयाच्या लोखंडी कपाटात असते. हातातले न सोडता दुसऱ्याकडच्याची वाट पाहिली पाहिजे: दोन्ही कार्यालये हे वर्षानुवर्षे निष्ठेने करीत आली आहेत. ताब्यातली वस्तू कोणाला जबरदस्तीने काढून घेता येता कामा नये: ज्या बाईंच्या ड्रॉवरमध्ये गोल शिक्का आहे, त्या जेवायला गेल्या असल्या तर शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ ड्रॉवरकडे पाहतील, आपल्याकडे पाहतील, आणि ‘त्या आल्या की’ एवढेच म्हणतील. चौथी अट वर्तुळ पूर्ण होण्याची, आणि ते आपण या दोन कार्यालयांमध्ये नेरूळ-ठाणे फेऱ्या मारून पूर्ण करतो.

क्रमिक पुस्तकांत यावर उपायही दिले आहेत. पेचात अडकलेल्यांपैकी एखादी प्रक्रिया सरळ रद्द करावी, हा त्यातला एक. इथे रद्द होण्याजोगी प्रक्रिया म्हणजे आपण स्वतः, हे लक्षात असू द्यावे. दुसरा उपाय असा, की पेच पडलाच नाही असे समजून स्वस्थ राहावे. आपल्या नित्याच्या संगणकांतल्या बहुतेक ऑपरेटिंग सिस्टिम हाच उपाय पत्करतात, आणि आपल्याकडची कार्यालये त्यांच्याही आधीपासून पत्करत आली आहेत. प्रत्यक्षात ही कोंडी सुटते ती एखाद्या जुन्याजाणत्या भाऊसाहेबांच्या एका ओळीने: ‘सदर ना-हरकत अन्यत्र प्रवेश मिळाल्यासच ग्राह्य धरण्यात यावे.’ ही ओळ कोणत्याही पुस्तकात नाही.

पहिल्या वर्षी बहुतेक शाखांना गणित, भौतिकशास्त्र, मेकॅनिक्स, ड्रॉइंग असे जवळपास सारखेच विषय असल्यामुळे, जागा रिकामी असेल आणि गुणवत्ता यादीत नाव बसत असेल, तर ते वर्ष संपताच शाखा बदलणे त्यातल्या त्यात सोपे जाते. सोप्या वाटेने जाण्यात पुरुषार्थ नसल्यामुळे आणखी एक-दोन सत्रे थांबावे, थर्मोडायनॅमिक्स रीतसर उत्तीर्ण व्हावे, आणि मग मुंबई विद्यापीठातले आपले श्रेयांक लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात समकक्षतेसाठी घेऊन जावे. तेथील समिती थर्मोडायनॅमिक्सची प्रमाणित अभ्यासक्रम-प्रत आदरपूर्वक चाळते आणि डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स, डेटा स्ट्रक्चर, डिजिटल लॉजिक हे राहिलेले विषय पुढच्या विषयांबरोबर पूर्ण करण्यास सांगते. थर्मोडायनॅमिक्सचे श्रेयांक वाया गेले असे मात्र समजू नये. २०२१ पासून अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स अस्तित्वात आहे आणि तिच्यात ते सात वर्षांपर्यंत सुरक्षित राहू शकतात. ते कोणी घेत नाही, हा भाग वेगळा.

अर्जात ‘बदलीचे कारण’ असा एक रकाना असतो. त्यात ‘संगणकशास्त्राची आवड’ असे चुकूनही लिहू नये, कारण आवडीला जोडण्यासारखा दाखला नसतो. ‘घरापासूनचे अंतर’ हे सर्वमान्य कारण आहे. त्यास शिधापत्रिका जोडता येते. घोडबंदर रस्त्यावरून नेरूळला जाणे हाल आहेत असे सिद्ध करून खारघरला प्रवेश घेतलेले विद्यार्थी आहेत, आणि नकाशा उघडून पाहण्याचा दुष्टपणा त्यांच्या बाबतीत कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

शेवटच्या वर्षी मोठ्या प्रमाणावर भरती करणाऱ्या सॉफ्टवेअर कंपन्यांची परीक्षा येईल. त्यांपैकी बऱ्याच कंपन्या अभियांत्रिकीच्या सर्वच शाखांचे विद्यार्थी घेतात, त्यामुळे केंद्रावर पुढच्याच बाकावर मेकॅनिकलचा जुना वर्गमित्र बसलेला आढळण्याची शक्यता आहे. मधल्या काळात त्याने मायनर केली असेल आणि तुमचे राहिलेले विषय नुकतेच सुटले असतील. त्याला पाहून चेहरा वाकडा करू नये, उलट आपणहून चौकशी करावी आणि त्याच्या नोट्सची प्रत मागून ठेवावी, कारण दोघांचेही निवडपत्र आले तर ठाण्याहून ऐरोलीला जाणारी सकाळची गाडी एकच असेल आणि प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी दोघांनाही ‘व्हेरिएबल म्हणजे काय’ इथूनच शिकवायला घेतील.