डबल हॉलीहॉकच्या तक्रारीला नर्सरीमालकाचं उत्तर

नमस्कार ताई. नोव्हेंबरमध्ये ‘डबल गुलाबी’ (म्हणजे भरगच्च पाकळ्यांची) म्हणून हॉलीहॉक या फुलझाडाची सहा रोपं नेली, चारांना एकेरी फुलं आली, पानांवर तांबडे ठिपके पडले, एप्रिलमध्ये सगळी वाळली आणि विचारायला आलात तर आमचा मुलगा ‘तुम्हाला पाणी घालता येत नाही’ म्हणाला. म्हणून तुम्ही अभिप्रायात एकच तारा दिलात. त्या बोलण्याची माफी मागतो. त्यालाही समज दिली आहे.

एकेरी फुलांची चूकही आमचीच. जास्वंद आम्ही फांदीपासून करतो, त्यामुळे रोप आईसारखंच निघतं. हॉलीहॉक बियांपासून होतं आणि डबलच्या पाकिटातही एकेरी निघतातच. ‘बहुतेक डबल’ असं लिहायला हवं होतं. त्या चार रोपांचे पैसे परत मिळतील, पावती नसली तरी चालेल.

वाळण्याचा दोष मात्र घेणार नाही. ‘जास्वंदाच्या कुळातलं’ ही आमची पाटी वाचून तुम्ही ते वर्षानुवर्षं टिकेल असं समजलात. पण त्या कुळात भेंडी, अंबाडी आणि कापूसही येतात. भेंडीचं झाड कोणी दहा वर्षं सांभाळत नाही. थंड देशांत हॉलीहॉक पहिल्या वर्षी नुसतं पानांवर वाढतं, दुसऱ्या वर्षी फुलतं. आपल्याकडे ते हिवाळी हंगामी. फेब्रुवारी-मार्चमध्ये फुललं, बी धरलं, की नाशिकच्या एप्रिलात त्याचं काम संपलं.

ठिपके म्हणजे तांबेरा, हा बुरशीचा रोग. द्राक्षांच्या गावात भुरी-डावणी हे द्राक्षांवरचे रोग सगळ्यांना कळतात, तांबेरा मात्र फुलझाडावर आला की कोणाच्या लक्षात येत नाही. पानाखाली तपकिरी पुटकुळ्या दिसल्या की ती खालची पानं तोडून लांब टाकायची, खताच्या खड्ड्यात नाही. पाणी बुंध्याशी द्यायचं, पानांवर फवारायचं नाही. फोटोत तुमच्या कुंड्या एकमेकींना चिकटून दिसतात, आठ इंची असाव्यात. याचं सोटमूळ खोल जातं, बारा इंचांपेक्षा लहान कुंडीत लावूच नका. हे विकतानाच सांगायला हवं होतं, तेही राहिलं.

वाळलेले दांडे अजून उपटले नसतील तर त्यांवरच्या बियांच्या गोल चकत्या काढा, पानांचा चुरा नीट झटका आणि बी कोरड्या डबीत ठेवा. ऑक्टोबरात सरळ कुंडीतच पेरा. फुलं डबल येतील की एकेरी, हे मात्र मी लिहून देणार नाही.