नळीवर घोंगडी टाका आणि मीटर बघा

मामाने त्याचा चालता एसी विकायला काढला, म्हणून हे लिहायला बसलो. एसी तीन वर्षांचा, इन्व्हर्टरवाला (म्हणजे गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा), आजवर एकदाही गॅस भरावा लागलेला नाही. का विकतोस विचारलं तर त्याने मला एक मेसेज पाठवला. तो मला त्याआधी चार ग्रुपवर येऊन गेला होता आणि चारही वेळा मी न वाचता सोडून दिला होता. त्याची शिक्षा म्हणून या वेळी तीनदा वाचला.

मेसेज थोडक्यात असा: "कंपन्या हे तुम्हाला सांगणार नाहीत! सोलर एसी लावा, वीजबिल कायमचं शून्य. दीड टनाचा एसी एका पॅनेलवर चालतो. ऊन जितकं कडक तितकी वीज जास्त. रात्री घरच्या साध्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवर चालवा. बॅटरी बेडरूममध्येच ठेवा, वायर वाचते. वीज गेली तरी एसी थांबत नाही. आणि सौरनळीचा हायब्रिड एसी घेतलात तर पॅनेलसुद्धा नको. सूर्याच्या उष्णतेने गॅस तापतो आणि कॉम्प्रेसरचं ७० टक्के काम वाचतं. शिवाय पॅनेलखालचं घर दहा अंशांनी थंड राहतं." खाली एक व्हिडिओ. एसी चालू आहे, मीटर ३५० वॉट दाखवतोय, मागे कुणीतरी टाळ्या वाजवतंय.

मामा भुलला तो नळीला, म्हणून आधी नळी.

हा एसी दिसतो नेहमीसारखाच. फक्त आउटडोअर युनिटच्या डोक्यावर काचेच्या काळ्या निर्वात नळ्या किंवा एक लांबट पेटी असते. कॉम्प्रेसरमधून निघालेला गॅस आधी त्यातून जातो, उन्हात तापतो आणि मग कंडेन्सरच्या, म्हणजे उष्णता बाहेर सोडणाऱ्या भागाच्या, कॉइलमध्ये शिरतो. सांगणारा सांगतो की तापल्यामुळे गॅसचा दाब वाढतो, म्हणजे तेवढं दाबायचं काम सूर्याने केलं. ऐकायला पटतं, कारण तापवलं की दाब वाढतो हे आपण शाळेत शिकलेले असतो. शाळेत मात्र त्याच्या आधी 'बंद भांड्यात' असे दोन शब्द होते. शिट्टी काढलेल्या कुकरखाली आच कितीही वाढवा, दाब चढत नाही, वाफ नुसती निघून जाते. इथे नळीचं एक तोंड कंडेन्सरकडे सताड उघडं आहे. गॅस तापतो, फुगतो आणि पुढे सरकतो.

आता पुढे काय होतं ते बघा. एसी थंडावा 'तयार' करत नाही. तो खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. खोलीतून आलेला गॅस कॉम्प्रेसर दाबतो आणि त्याचं तापमान ७०-८० अंशांच्या घरात नेतो, ते एवढ्याचसाठी की बाहेरच्या ४० अंशांच्या हवेलाही तो गरम वाटावा आणि आपली उष्णता त्याने तिच्या हवाली करावी. आउटडोअर युनिटचा पंखा फिरतो तो याच कामासाठी. म्हणजे त्या टप्प्यावर सगळी खटपट गॅसमधली उष्णता काढून टाकायची असते आणि ही मंडळी नेमक्या त्याच जागी त्यात आणखी उष्णता ओततात! होडीत शिरलेलं पाणी एक माणूस उपसतोय आणि दुसरा त्याला मदत म्हणून बादली आत ओततोय, तशातला प्रकार. कंडेन्सरवर जास्तीचा भार पडतो, तिथला दाब चढतो आणि कॉम्प्रेसरला पहिल्यापेक्षा जास्त जोर लावावा लागतो. काम ७० टक्के वाचणं राहिलंच बाजूला, असलेलं वाढतं.

"पण माझ्या ओळखीच्या एकाचं बिल खरंच कमी झालं," मामा म्हणाला. झालं असेल. त्या ओळखीच्याने पंधरा वर्षांचा जुना, ठराविक वेगाचा एसी काढून हा घेतला. नव्या यंत्रात चांगला इन्व्हर्टर कॉम्प्रेसर असेल तर बिल उतरणारच, डोक्यावर नळी असो वा कुंडी. खात्री करायला शास्त्रज्ञ लागत नाही. भर दुपारी एसी लावा, तासभर मीटर लिहून ठेवा. मग नळ्यांवर जाड घोंगडी टाका, पंख्याची वाट मोकळी ठेवा आणि पुन्हा तासभर लिहा. सूर्य खरोखर ७० टक्के काम करत असेल तर दुसऱ्या तासाचा आकडा पहिल्याच्या तिपटीवर जायला हवा. विकणाऱ्याला हे त्याच्याच नमुन्यावर करून दाखवायला सांगा.

याच निर्वात नळ्या पाणी तापवायला उत्तम असतात, त्यात वाद नाही. आणि सूर्याच्या उष्णतेने थंडावा मिळवणं ही मुळात थापही नाही. १८७८ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ओगुस्तां मूशो या फ्रेंच माणसाने आरशांनी ऊन एकवटून चक्क बर्फ करून दाखवला होता. पण त्या पद्धतीत कॉम्प्रेसर नसतोच. त्याच्या जागी शोषणाची रासायनिक क्रिया असते. आजच्या मोठ्या इमारतींतल्या तशा यंत्रांत लिथियम ब्रोमाइडचं द्रावण आणि पाणी असतं, साधारण ८०-९० अंशांचं गरम पाणी सतत लागतं, उष्णता सोडायला गच्चीवर कूलिंग टॉवर लागतो, आणि एवढं करून एक भाग उष्णता दिली की ०.७ भागाच्या आसपास थंडावा हाती येतो. बेडरूमच्या स्प्लिट एसीवर नळी चिकटवून त्याचं नातं मूशोशी जोडता येत नाही.

आता पॅनेल. इथे माझा सगळा भरवसा एकाच कागदावर आहे, तो म्हणजे पॅनेल बनवणाऱ्याचं स्वतःचं माहितीपत्रक. 'कंपन्या सांगणार नाहीत' म्हणता, पण कंपनीने ते छापून दिलेलं असतं, कुणी उघडत नाही इतकंच. त्यात वीजनिर्मितीचे दोन तक्ते असतात. पहिला प्रयोगशाळेतला: दर चौरस मीटरला १००० वॉट प्रकाश आणि पॅनेलच्या सेलचं तापमान २५ अंश. पॅनेलवर छापलेले '५५० वॉट' ते या तक्त्यातले. दुसरा तक्ता जरा जमिनीवरचा: ८०० वॉट प्रकाश, २० अंशांची हवा आणि थोडा वारा. त्यात त्याच ५५० वॉटच्या पॅनेलपुढे ४१५ च्या आसपास आकडा असतो. आणि २० अंशांची हवा असेल तर एसी लावतंय कोण?

त्याच कागदावर खाली तापमानाचा गुणांक दिलेला असतो: सेल दर अंशाने तापला की निर्मिती ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. कडक उन्हात सेल ६५ अंशांवर जाणं नेहमीचं आहे. २५ च्या वर ४० अंश, म्हणजे १४ टक्के तिथेच गेले. पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता त्याला मानवत नाही. 'ऊन कडक तितकी वीज जास्त' हे प्रकाशापुरतं खरं, तापण्यापुरतं नव्हे.

एका पॅनेलवर दीड टन? हा टन वजनाचा नव्हे. जुन्या काळी एक अमेरिकन टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषेल तेवढा थंडावा, असं ते माप आहे. आजच्या हिशोबात साडेतीन किलोवॉट. दीड टन म्हणजे सव्वापाच किलोवॉट उष्णता खोलीबाहेर काढायची. चांगला एसी एक भाग वीज खाऊन साडेतीन भाग उष्णता हलवतो, तेव्हा पूर्ण भारावर त्याला दीड किलोवॉट लागतात. भर दुपारी चार पॅनेल, धूळ आणि वायरिंगची घट धरली तर जास्तच.

मग व्हिडिओतले ३५० वॉट खोटे आहेत का? नाहीत, आणि म्हणून तर राग येतो. इन्व्हर्टर एसी खोली गार झाल्यावर कॉम्प्रेसरचा वेग उतरवतो आणि त्या वेळी तो खरंच ३००-४०० वॉटवर रेंगाळतो. आधी अर्धा-पाऊण तास खोली गार करून घ्यायची आणि मग कॅमेरा सुरू करायचा. तापलेली खोली आणि नुकतं दाबलेलं बटण, असा व्हिडिओ कुणी पाठवला तर मला जरूर दाखवा.

रात्रीचा मुद्दा हसण्यावारी नेता येत नाही, कारण तो ऐकून माणसं काहीतरी करून बसतात. आधी हिशोब. रात्री आठ तास, सरासरी ७०० वॉट धरले तर साडेपाच युनिटांच्या वर जातात. घरच्या इन्व्हर्टरची १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे कागदावर १.८ युनिट. शिसे-आम्लाची बॅटरी रोज निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते, म्हणजे वापरायला ०.९. रूपांतरातली घट धरून तशा सात बॅटऱ्या लागतील, आणि त्या दुसऱ्या दिवशी भरायला दिवसाच्या एसीखेरीज वेगळी पॅनेलं. शिवाय बॅटरीवरचा १५० चा आकडा ती वीस तासांत सावकाश रिकामी केली तरचा. दीड किलोवॉटचा एसी तिच्यातून सव्वाशे अँपिअरहून जास्त ओढतो. त्या ओढीला ती १५० देत नाही आणि साध्या वायरी तापतात. लिथियमच्या बॅटऱ्यांचं गणित बरंच बरं आहे, पण 'घरची साधी बॅटरी' म्हणजे त्या नव्हेत.

आणि ती बेडरूममध्ये ठेवा म्हणे! एसीची खोली म्हणजे खिडक्या-दारं बंद. शिसे-आम्लाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. हवेत तो ४ टक्क्यांवर गेला की एका ठिणगीचं काम. ही बॅटरी हवेशीर जागी ठेवायची असते आणि शेजारी कुणी झोपायचं नसतं. वायरचे दोन हात वाचवायला कुणी हा सल्ला देत असेल तर तो मेसेज पुढे ढकलणाऱ्यानेही स्वतःला एकदा विचारावं. मामाने ढकलला होता. सहा जणांना.

'वीज गेली तरी थांबत नाही' हे पुष्कळ घरांत उलटं निघेल. बॅटरी नसलेली, सरळ ग्रिडला, म्हणजे बाहेरून येणाऱ्या विजेच्या जाळ्याला, जोडलेली सोलर यंत्रणा वीज गेली की मुद्दाम स्वतःला बंद करते, लख्ख ऊन असलं तरी. खांबावर दुरुस्तीला चढलेल्या वायरमनला तुमच्या छतावरून झटका बसू नये म्हणून. जोडणीच्या आंतरराष्ट्रीय मानकात त्यासाठी दोन सेकंदांची मर्यादा आहे.

दहा अंशांच्या थंडाव्यात मात्र थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या संशोधकांनी २०११ साली एका इमारतीचं छत उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने मोजलं. पॅनेलखालचा भाग दिवसा उघड्या भागापेक्षा ५ फॅरनहाइट अंशांनी, म्हणजे आपल्या जवळपास ३ अंशांनी थंड होता. तीन, दहा नव्हे, आणि तेही छताच्या आतल्या बाजूला. खोलीचं तापमान तेवढं उतरेल असं कुणी म्हटलेलं नाही. पण फुकटची सावली मिळते, हे खरं.

बिल शून्य होईल का, हे तुमच्याकडे वीज परत विकत घेतात की नाही, छत केवढं आहे आणि तुम्ही एसी केव्हा लावता यावर आहे. चांगल्या उन्हाच्या जागी एक किलोवॉटची पॅनेलं दिवसाला चारेक युनिट देतात. ढगाळ, दमट दिवशी घामाने जीव नकोसा होतो तेव्हा एसी हवाच असतो आणि पॅनेल पाव हिश्श्यावर आलेलं असतं. 'कायमचं' हा शब्द तेवढा काढून टाका.

मग सोलरवर एसी चालवूच नये का? चालवावा की! ऊन आणि उकाडा एकाच वेळी येतात, एवढी सोयीची जोडी दुसऱ्या कुठल्या उपकरणाला मिळालेली नाही. थेट पॅनेलवर चालणारे आणि कमी पडेल तेवढीच वीज ग्रिडमधून घेणारे एसीही आहेत, दिवसा ते नीट काम करतात. अडचण सूर्य मावळल्यावरची आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०१८ साली थंडाव्यासाठी लागणाऱ्या विजेवर अहवाल काढला, त्यातही हेच दुखणं मांडलंय: पॅनेलं थांबतात तेव्हा एसी जोरात असतात.

त्यावर बॅटरीआधी करण्यासारखी एक गोष्ट घरात आहे, भिंती. दुपारी तीन ते पाच, पॅनेलं वीज देत असताना, झोपायच्या खोलीत एसी लावून ठेवायचा. खिडकीवर सावली बाहेरून करायची, कारण आतला पडदा ऊन काचेतून आत येऊन गेल्यावर अडवतो. भिंती, गादी, कपाट सगळं गार झालेलं असलं की रात्री एसीला खालच्या वेगावर आणि पंख्याच्या जोडीने भागतं. छताला उष्णतारोधक किंवा निदान पांढरा लेप असेल तर हा गारवा जास्त वेळ टिकतो. यासाठी नवीन एसी लागत नाही. वेग उतरवू शकणारा, इन्व्हर्टरवाला, एवढा असला की पुरे.

हे सगळं मामाला फोनवर सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता.

"म्हणजे तसला एसी माझ्याकडे आहेच की."

"तोच तू विकायला काढलायस."

"जाहिरात काढून टाकतो," म्हणाला. त्या सहा जणांनाही कळव, म्हटलं. तेवढं जमेल असं वाटत नाही म्हणाला, कारण त्यांतल्या दोघांनी आगाऊ रक्कम भरून टाकली आहे. त्यांचे नंबर मी मागून घेतलेत.